लाल डबा, वजन साडेतीन किलो

मुलाच्या वाढदिवसाला एसटी बसचा उभा केक केला म्हटलं की लोक रंगाबद्दल विचारतात. लाल कसा आणला, खिडक्या कशा चिकटवल्या, टपावरच्या फणसाला काटे कसे काढले. ते सगळं शेवटच्या संध्याकाळचं काम, त्यात मजा आहे आणि ते सांगणारच आहे. पण साडेतीन किलोचा मऊ पदार्थ वीतभर उंच उभा राहावा, डोंबिवलीच्या जूनमधल्या उकाड्यात रात्रभर तसाच टिकावा आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमधून धड खाली जावा, हे ज्याच्यावर ठरतं ते निव्वळ गवंडीकाम आहे.

विषय चिरंजीवांनी दिला: एसटी. त्याचे आजोळचे आजोबा, आमचे नाना, चिपळूण डेपोला ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नातवाच्या लेखी ते अजून ड्यूटीवरच आहेत. मी आधी सोपी वाट काढायला बघितली. आयताकृती सपाट केक, त्यावर क्रीमने काढलेली बस, असा फोटो त्याला दाखवला. तो म्हणाला, "ही आडवी पडलीये. हिचा ॲक्सिडेंट झालाय." मग साखरेच्या कागदावर छापलेल्या बसचा केक दाखवला. "हे तर चित्र आहे." थोडक्यात, चाकांवर उभी असलेली, सगळीकडून फिरून बघता येईल अशी गाडी हवी होती.

वाढदिवस जूनच्या पहिल्या आठवड्यातला. याचं नानांना फार कौतुक. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी सुटली आणि नानांची कागदोपत्री जन्मतारीखही १ जूनच, शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. "आमच्या वेळी अर्धा डेपो १ जूनचा," असं ते सांगतात. नातवाची गाडी थोडी लेट सुटली एवढीच त्यांची तक्रार.

यंदा वाढदिवस आला शनिवारी, आणि सासूबाईंचा शनिवार कडक. म्हणजे अंडं बाद. हा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, पण उभ्या केकला त्यानेच सगळा फरक पडतो. अंड्यातली प्रथिनं भाजताना घट्ट होतात आणि केकच्या आतला सांगाडा धरून ठेवतात. ती नसली की केक खायला मऊ लागतो, पण सुरी लावली की भुगा होतो. नेहमीचा दह्याचा बिनअंड्याचा केक मी यासाठी वापरणार नव्हतोच. कंडेन्स्ड मिल्कचा केक जरा जड आणि ओलसर चिवट होतो, कापायला बरा पडतो. तो घेतला.

आठ इंची चौकोनी टिनाला माझं माप असं: मैदा २२० ग्रॅम, कोको ३० ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा डबा, बटर ११० ग्रॅम, दूध १५० मिली, एक मोठा चमचा व्हिनेगर, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा सोडा. वरून साखर नाही. १६० अंशांवर पाऊण तासाच्या पुढे, मध्ये काडी घालून कोरडी येईपर्यंत. असे दोन टिन. जास्त तापमानावर कडा आधी शिजतात आणि मधला भाग डोंगरासारखा फुगतो, मग तो कापून टाकावा लागतो. म्हणून तापमान कमी ठेवायचं, आणि जुन्या सुती ओढणीची पट्टी फाडून, ओली करून, पिळून टिनाभोवती गुंडाळायची. बाजू उशिरा तापतात आणि केक जवळपास सपाट वर येतो.

आता आकाराचं गणित. खरी बस साधारण ११ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद. त्याच प्रमाणात चार इंच रुंद केक करायचा तर लांबी सतरा-अठरा इंच होते. ते ना आमच्या ओव्हनमध्ये मावत, ना फ्रिजमध्ये. शिवाय प्रमाणशीर बस छोट्या रूपात बघितली तर लांबुळकी, लोकलच्या डब्यासारखी दिसते. मुलांच्या चित्रातली बस आखूड, ठेंगणी आणि गुबगुबीत असते आणि तीच ओळखू येते. मी आठ इंच लांब, चार इंच रुंद आणि साडेपाच इंच उंच असं ठरवलं. यात एक सोयही होती: आठ इंची चौकोन मधोमध कापला की आठ बाय चारचे दोन तुकडे. दोन टिनांतून चार विटा, कापाकापीत वाया जवळजवळ काही नाही. आकाराचा केक करायला घेणाऱ्याला माझं एकच सांगणं असतं, की टिनाच्या मापातून निघेल असा आकार आधी शोधा. बस, घर, पुस्तक, पेटी हे सरळ. हत्ती आणि मोटरसायकल यांच्या वाटेला पहिल्यांदाच जाऊ नये.

भाजलेला केक लगेच कापायचा नाही. गार करून, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये. गारठलं की बटर आवळतं आणि दातेरी सुरीने स्वच्छ काप येतो. सुरी एकदम खोल घालायची नाही, पातळ पातळ कडा उतरवत यायचं. काढलेलं परत चिकटत नाही.

बसला जमिनीपासून वर उचलणं हा पुढचा विषय. केक सरळ बोर्डवर ठेवला की बस पुरात अडकल्यासारखी दिसते, चाकं नुसती बाजूला चिकटवलेली वाटतात. म्हणून खाली चासी. घरी सुताराकडून उरलेला प्लायवूडचा तुकडा होता, त्यातून सात बाय तीन इंचांचे ठोकळे कापून एकावर एक चिकटवले, इंचभर उंचीचे. ते अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून मोठ्या प्लायच्या बोर्डवर खालून स्क्रूने पक्के केले. थर्माकोल हलका पडला असता, पण महाराष्ट्रात सजावटीचा थर्माकोल २०१८ पासून बंद आहे आणि प्लायला स्क्रू बसतो ही त्याहून मोठी गोष्ट. ठोकळ्यावर आठ बाय चारचा जाड पुठ्ठा, त्यावर बस. चासी केकपेक्षा चहूबाजूंनी अर्धा इंच आत असल्यामुळे ती सावलीत जाते, दिसत नाही.

चार विटा नुसत्या एकावर एक रचल्या तर खालची वरच्यांच्या वजनाने चेपते आणि तिचं पोट सुटतं. त्यामुळे दोन विटांनंतर मध्ये एक पातळ पुठ्ठा, आणि त्या पुठ्ठ्याला खालून खांब. परदेशी व्हिडिओंत जाड प्लास्टिकच्या नळ्या वापरतात, आपल्याकडे १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या स्ट्रॉ बंद. कबाबाला वापरतात त्या बांबूच्या काड्या यासाठी उत्तम. टोकं कापून टाकली, गरम पाण्यातून काढून कोरड्या केल्या आणि खालच्या दोन विटांच्या बरोबर उंचीच्या पाच काड्या उभ्या खोचल्या: चार कोपऱ्यांच्या जरा आत, एक मध्यभागी. काड्यांची उंची एकसारखी असणं फार महत्त्वाचं. एक काडी जरी वर राहिली तरी पुठ्ठा डुगडुगतो. त्यावर पुठ्ठा, वरच्या दोन विटा, आणि मग टपापासून खालपर्यंत जाणाऱ्या दोन लांब काड्या, म्हणजे धक्का बसला तरी वरचा मजला घसरणार नाही. एकूण सात. हा आकडा कागदावर लिहून फ्रिजला चिकटवून ठेवला.

विटांमधला आणि बाहेरचा लेप गनाशचा. बेकरीतलं फेटलेलं क्रीम इथे उपयोगाचं नाही, कारण त्यात पाणी असतं आणि वर फॉन्डंट, म्हणजे साखरेच्या कणकेची लाटलेली पोळी, चढवलं की त्यातली साखर ते पाणी ओढून घेते, मग सगळं पाघळतं. बटरक्रीमचं म्हणाल तर आपल्या उकाड्यात बटर कधी मान टाकेल याचा नेम नाही. गनाश म्हणजे चॉकलेट आणि गरम साय, आणि त्याचं प्रमाण हवेवर ठरतं. थंड हवेत दोन भाग चॉकलेटला एक भाग साय चालते. बाजारात सहज मिळणाऱ्या फ्रेश क्रीमच्या डब्यात २५ टक्के फॅट असतं, म्हणजे पाणी बरंच, त्यामुळे चॉकलेट वाढवावं लागतं. मी २५० मिलीच्या एका डब्याला ६०० ग्रॅम डार्क कंपाउंड घेतलं. शुद्ध चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं आणि आमच्या स्वयंपाकघरात दुपारी गॅस चालू असताना तितकं तापमान सहज असतं. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती-फॅट असतं. चवीला ते उजवं नाही, जिभेवर जरा मेणचट लागतं, हे मान्य. पण या कामात मी चवीपेक्षा भिंतीची बाजू घेतली, आणि मुलांपैकी कोणीही कोको बटरची चौकशी केली नाही.

साय उकळीला येऊ द्यायची, चिरलेल्या चॉकलेटवर ओतायची, दोन मिनिटं हात लावायचा नाही, मग मधून बाहेर असं ढवळायचं. झाकून रात्रभर ओट्यावर. सकाळी ते पसरता येईल इतकं घट्ट, चकचकीत मलम झालेलं असतं. पहिला हात पातळ, नुसता भुगा बसवण्यापुरता. ते फ्रिजमध्ये आवळलं की दुसरा जाड हात. इथे मी मुलाची शाळेची स्टीलची पट्टी बोर्डला काटकोनात धरून भिंतीवरून ओढत गेलो. खड्डा दिसला की भरायचा, परत ओढायचं. गनाशमध्ये राहिलेला प्रत्येक खळगा फॉन्डंटमधून जसाच्या तसा दिसतो, त्यामुळे गिलावा झाल्याशिवाय रंगाकडे वळायचं नाही.

दोन हातांच्या मध्ये मी बसला थोडा वेळ बैठक घेऊ दिली. टपावर बटर पेपर, त्यावर बाथरूमच्या कामातली एक उरलेली टाइल. केकमधली हवा निघून थर आधीच खाली बसले की नंतर बसत नाहीत. बायकोने ती टाइल बघितली आणि काही न बोलता गेली.

समोरची काच जरा तिरपी, म्हणून पुढच्या बाजूला वरून एक सेंटिमीटरचा उतार मी गिलाव्याआधीच उतरवला होता. चाकांच्या कमानींसाठी लहान वाटी उलटी धरून खूण केली आणि चमच्याने अर्धगोल कोरून काढले. कोरून निघालेला आणि कडांचा सगळा भुगा एका भांड्यात गोळा केला. त्यात उरलेलं गनाश घालून लाडू वळले, ते पुढे घाटातले दगड झाले.

आता लाल. पांढऱ्या फॉन्डंटमध्ये रंग मळून लाल करायचा तर जेल रंग इतका लागतो की ते चिकट होतं आणि कडवट लागतं. थोडा रंग घालून थांबलं तर गडद गुलाबी. सरळ तयार लाल फॉन्डंटचं एक किलोचं पाकीट आणलं, पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून, कारण काही फॉन्डंटमध्ये जिलेटिन असतं आणि आमचा शनिवार होता. गडद रंग लाटताना कॉर्नफ्लोअर भुरभुरलं तर पांढरे डाग राहतात. त्याऐवजी ओट्याला आणि लाटण्याला वनस्पती तुपाचा पुसटसा हात. सासूबाई शेजारी पोळ्यांची कणीक घेऊन उभ्या. "तुमची लाल पोळी झाली की सांगा, मग माझ्या लाटते," म्हणाल्या.

पूर्ण पोळी बसवर टाकून चहूबाजूंनी खाली दाबत नेणं, हे गोल केकला ठीक. चौकोनी गोष्टीला कोपऱ्यांवर ती ताणली जाऊन फाटते आणि खाली चुण्या पडतात. म्हणून प्रत्येक बाजूचं पान वेगळं. फॉन्डंटमध्ये थोडी सीएमसी पावडर (खाण्यात चालणारा एक डिंक) मळली की ते लवकर कडक होतं. लाटण्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या ठेवल्या, त्यामुळे पान सगळीकडे साडेतीन मिलिमीटरच आलं. आलेखाच्या कागदावर आधीच कापून ठेवलेले साचे वर ठेवून धारदार सुरीने कापलं, बटर पेपरवर थोडा वेळ वाळू दिलं, आणि मग गनाशवर ब्रशने पाण्याचा नुसता ओलावा देऊन चिकटवलं. पाणी जास्त झालं की पान घसरतं. आधी मागचं-पुढचं, मग दोन्ही बाजू, शेवटी टप. टपाच्या कडा बोटाने गोल केल्या. सांधे राहतातच, पण खऱ्या बसच्या पत्र्यालाही सांधे असतात, आणि टपाखालून पातळ पट्टी फिरवली की ते झाकतात. केक फ्रिजमधून काढल्या काढल्या यातलं काही करायचं नाही. खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा. नाहीतर आतली गार हवा नंतर प्रसरण पावते आणि बसच्या अंगावर फोड येतात. तरी एखादा आलाच तर बारीक सुईने टोचून हवा काढायची.

नाना शुक्रवारी संध्याकाळी आले, आणि मी ज्याला तपशील समजत होतो त्याचं पासिंग सुरू झालं. हात मागे बांधून त्यांनी बसला फेरी मारली.

"जावईबापू, मागची चाकं एकेरी?"

चाकं म्हणून मी क्रीमची काळी बिस्किटं लावली होती. मागे जोडचाकं असतात हे मला ठाऊक होतं, पण केकवर कोण बघतंय, असं वाटलं होतं. नाना बघत होते. मागच्या कमानी आणखी खोल कोरून दोन-दोन बिस्किटं बसवली, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर ती गाडी एकदम वजनदार दिसायला लागली.

"आरसे कुठायत? आरशाशिवाय गाडी डेपोच्या बाहेर काढली तर चार्जशीट मिळेल." आरसे केले. चॉकलेटच्या काडीला चपट्या गोळ्या.

"प्रवाशांचं दार डावीकडे. हे बरोबर. ड्रायव्हरचं उजवीकडे. हेही बरोबर. आता लिहा, संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग." ते मी खाद्य शाईच्या पेनने इतक्या बारीक अक्षरात लिहिलं की डोळ्यांतून पाणी आलं. नंबरपाटीचं मी काहीतरी मनाने टाकणार होतो. नाना म्हणाले, एमएच १४ घाला, दापोडीच्या वर्कशॉपची गाडी. चिकलठाण्याला बांधलेली असती तर एमएच २०. मला वाटायचं की एसटीची पाटी डेपोच्या जिल्ह्याची असते. गाडी जिथे बांधली तिथली असते हे मला केक करताना कळलं. समोरच्या पाटीवर "डोंबिवली–चिपळूण, मार्गे महाड" असं चिरंजीवांच्या आज्ञेवरून.

खिडक्यांना राखाडी चौकोन, त्यावर आडवे गज. गज करायला फॉन्डंटचे धागे वळत बसलो असतो तर रात्र गेली असती. शेवया करायच्या सोऱ्यातून एकाच जाडीचे निघाले, तुकडे करून चिकटवले. मागची टपावर जायची शिडी मात्र फॉन्डंटची केली की वाकते, म्हणून वितळवलेलं कंपाउंड बटर पेपरवर शिडीच्या आकारात सोडून गार केलं आणि अलगद सोलून काढलं. अशा दोन केल्या, कारण एक मोडते.

टपावरचं सामान ही नानांची कल्पना. जून म्हणजे कोकणातून येणारी गाडी रिकाम्या टपाने कशी येईल? एक पोतं आणि फणस. हिरव्यात चिमूटभर पिवळं आणि चिमूटभर तपकिरी मळलं की फणसाचा मळकट हिरवा येतो. लांबट गोळा करून तो किसणीच्या बारीक बाजूवर हलक्या हाताने दाबत फिरवला की अंगभर काटे उठतात. एकदाच फिरवायचा. परत फिरवला की काट्यांवर काटे बसून गुळगुळीत होतो. देठाला लवंग. एवढ्या सगळ्या खटाटोपात सगळ्यात कमी वेळ त्या फणसाला लागला, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने फोटो त्याचाच काढला. रंग, खिडक्या, आरसे सगळं नेटकं असलं तरी बघणारा एखाद्याच गोष्टीपाशी थबकतो. ती एक गोष्ट करायला हात ताजा असताना बसावं, असं माझं मत झालंय.

रात्र काढणं हे वेगळं प्रकरण. फॉन्डंट चढवलेला केक फ्रिजमध्ये ठेवला की बाहेर काढल्यावर दमट हवेत त्याला घाम सुटतो. लाल रंगाला सुटला तर ओघळ येतात, आणि बस रक्तबंबाळ. बाहेर ठेवावा तर उकाडा आणि मुंग्या. मुंग्यांना जुना उपाय: मोठ्या परातीत पाणी, पाण्यात उलट्या वाट्या, वाट्यांवर पाट आणि पाटावर बोर्ड. ही सगळी मांडणी बेडरूममध्ये, एसी ड्राय मोडवर २४ अंशांना. चिरंजीव पलंगाच्या कडेला पालथे पडून बसकडे बघत होते. तिला हात लावणार नाही असं वचन घेतलं होतं. नाना बाहेर गाद्या घालत म्हणाले, "नाइट हॉल्टला गाडी एसीत, ड्रायव्हर गॅलरीत."

शनिवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये न्यायचं होतं. बोर्ड दोघांनी धरायचा, हातांची उंची सारखी ठेवायची, लिफ्टच्या उंबऱ्यावर थांबून उचलायचा. चासी स्क्रूने बोर्डला धरलेली आणि काड्या आरपार, त्यामुळे केक हलला नाही. नाना पुढे, हातात स्टीलचा पेला आणि चमचा. लिफ्टचं दार लागलं की टण् टण् अशी डबल बेल, मजला आला की एक टण्. वाटेत भेटलेल्या एका काकूंनी खरंच विचारलं, चिपळूणला जाते का.

अशा केकची एक पंचाईत कोणी आधी सांगत नाही. ज्याचा वाढदिवस असतो तो सुरी लावू देत नाही. इतकी हुबेहूब बस, आणि कापायची? हे मी ऐकून होतो, म्हणून त्याच मिश्रणाचे काही कपकेक वेगळे केले होते. त्यांपैकी एकावर मेणबत्ती, तो कापला, टाळ्या झाल्या. मेणबत्ती बसच्या टपावर लावायची नाहीच, आचेने फॉन्डंट चकाकायला आणि मऊ पडायला लागतं. बस मग सगळ्या मुलांनी भरपूर बघून घेतल्यावर, चिरंजीव मित्रांसोबत बाहेर पळाल्यावर कापली.

कापताना मधला पुठ्ठा कामाला येतो. आधी लांब काड्या ओढून काढायच्या. मग वरचा मजला पुठ्ठ्यापर्यंतच कापायचा, एक इंच बाय दोन इंचांचे सोळा तुकडे. पुठ्ठा उचलायचा, खालच्या पाच काड्या काढायच्या, आणि तसेच सोळा. बत्तीस तुकडे म्हणजे तीसेक माणसांना पुरतं. काड्या बशीत मोजून घेतल्याशिवाय एकही ताट मुलांकडे जाऊ दिलं नाही. सहा होत्या. सातवी शोधताना माझं पाणी झालं, तर ती नानांच्या खिशात. पहिली त्यांनीच काढली होती आणि गिअरची दांडी म्हणून नातवाला द्यायची होती.

केक सगळ्यांना आवडला. फॉन्डंट बहुतेक मोठ्यांनी सोलून ताटाच्या कडेला ठेवलं, आणि ते बरोबरच आहे, ती नुसती साखर असते. मुलांनी मात्र तेच आधी खाल्लं आणि संध्याकाळभर सगळ्यांच्या जिभा लाल. फणसावरून भांडण झालं. सासूबाईंनी शनिवार असूनही दोन तुकडे घेतले आणि वर एक शेजारणीला नेऊन दिला, अंडं नसल्याचं दोनदा सांगून. दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डवर राखाडी रस्ता आणि मागची जोडचाकं उरली होती. गनाशला लागून ती बिस्किटं नरम पडलेली, ती मी चहाबरोबर खाल्ली.